मँगनीज स्टीलचे आर्क वेल्डिंग: कडेचा धातू कसा बिघडतो आणि कसा वाचवावा

मँगनीज स्टीलच्या दुरुस्तीत भरलेला बीड, म्हणजे वितळलेल्या रॉडच्या धातूची ओळ, क्वचितच तुटतो. तुटतो तो बीडच्या कडेचा मूळ धातू. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एखाद्या शेडमध्ये भरून घेतलेली जॉ प्लेट (दगड चिरडणाऱ्या जबड्याची प्लेट) खडी क्रशरवर बसवली, थोड्याच दिवसांत तिचा तुकडा पडला, आणि तो हातात घेऊन पाहिला तर बीड शाबूत, पण त्याच्यापासून चार-पाच मिलिमीटरवर त्याला समांतर गेलेली भेग मात्र आरपार, हे दृश्य या कामातल्या बहुतेकांच्या ओळखीचे आहे. अशा वेळी दोष रॉडला दिला जातो, नाहीतर वेल्डरच्या हाताला. प्रत्यक्षात तो दोष बहुतेक वेळा त्या अरुंद पट्ट्यात शिरून तिथेच रेंगाळलेल्या उष्णतेचा असतो.

मध्यम किंवा जास्त कार्बनच्या पोलादावर काम करताना वेल्डर जे शिकतो, म्हणजे आधी तापवावे, तापत ठेवावे आणि नंतर सावकाश थंड होऊ द्यावे, ते सारे मँगनीज स्टीलसाठी घातक ठरते. इथे उष्णता कमीत कमी द्यावी लागते आणि दिलेली उष्णता लवकरात लवकर काढून घ्यावी लागते. असे का, हे एकदा नीट समजले की पुढच्या प्रत्येक पायरीचे कारण आपोआप कळते. म्हणून सुरुवात धातूच्या रचनेपासून करणे योग्य होईल.

धातूची आतली रचना

इंग्लंडमधील शेफिल्ड येथे रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ मध्ये हे पोलाद शोधले, आणि आजही त्याची मूळ घडण फारशी बदललेली नाही. त्यात साधारण १ ते १.४ टक्के कार्बन आणि ११ ते १४ टक्के मँगनीज असते. आपल्याकडे या ओतीव कामासाठी आयएस २७६ हे भारतीय मानक आहे. साच्यातून निघालेला तुकडा मात्र तसाच वापरण्याच्या लायकीचा नसतो. साच्यात सावकाश थंड होताना कार्बन हा लोह व मँगनीजशी संयोग पावून कणांच्या सीमांवर कार्बाइडच्या रूपाने साचतो, आणि असा तुकडा घणाच्या घावाने फुटू शकतो. म्हणून फाउंड्रीत तो १,००० ते १,१०० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात, कार्बाइड धातूत पूर्ण विरघळेपर्यंत तिथे ठेवतात आणि मग क्षणाचाही विलंब न लावता पाण्यात बुडवतात. साधे कार्बनी पोलाद असे पाण्यात बुडवले तर कडक आणि ठिसूळ होते. मँगनीज स्टील मात्र मऊ आणि चिवट होते, कारण भरपूर मँगनीजमुळे त्याची ऑस्टेनाइट ही रचना सामान्य तापमानालाही टिकून राहते आणि कार्बन त्यात विरघळलेलाच अडकून पडतो.

या स्थितीत त्याची कठीणता २०० ब्रिनेलच्या आसपास असते. यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणानंतर धातू कायमचा ताणला जातो) साधारण ३५० ते ४०० मेगापास्कल, तुटण्याची ताकद ८०० ते १,००० मेगापास्कलच्या दरम्यान, आणि तुटण्यापूर्वी तो ३० ते ५० टक्के लांबू शकतो. पारसिकच्या डोंगराचा काळा पाषाण क्रशरच्या जबड्यात शिरला की प्रत्येक दणक्यासरशी प्लेटचा वरचा थर आतल्या आत बदलत जातो: स्फटिकांमध्ये सूक्ष्म जुळ्या पट्ट्या तयार होतात, स्फटिकदोष एकमेकांत गुंततात, आणि पृष्ठभाग ४५० ते ५५० ब्रिनेलपर्यंत कठीण होतो. आतला गाभा मात्र तसाच चिवट राहतो. वरून कठीण आणि आतून चिवट असा हा संयोग रेल्वेच्या क्रॉसिंगपासून शॉट ब्लास्टिंग यंत्राच्या लायनरपर्यंत कामी येतो, आणि तो पूर्णपणे एका अटीवर उभा आहे: कार्बन विरघळलेल्या स्थितीत राहिला पाहिजे.

आर्कची उष्णता नेमके काय करते

वेल्डिंग करताना ही अट मोडते. पाण्यात बुडवून अडकवलेला कार्बन पुन्हा तापताच बाहेर पडण्याची संधी शोधतो. सुमारे २६० ते ३०० अंशांच्या वर ही संधी त्याला मिळू लागते. खालच्या टोकाला त्यासाठी बरेच तास लागतात. पण ५०० ते ७०० अंशांच्या टप्प्यात कार्बाइड फार वेगाने तयार होतात, आधी कणांच्या सीमांवर अखंड जाळ्यासारखे आणि वेळ मिळाला तर कणांच्या आतही सुईच्या आकारात. अधिक काळ तापल्यास काही भागाचे पर्लाइट या लोह व कार्बाइडच्या पातळ थरांच्या रचनेतही रूपांतर होते. कणांच्या सीमेवर ठिसूळ पापुद्रा बसला की भेगेला तयार रस्ता मिळतो. ताकदीच्या आकड्यापेक्षा लांबण्याची क्षमता आणि दणका सोसण्याची क्षमता आधी व अधिक घसरते, त्यामुळे भाग दिसायला धडधाकट असतो आणि पहिल्या मोठ्या दगडाला फुटतो.

सर्वांत कमजोर पट्टा वितळलेल्या धातूला अगदी लागून नसतो, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. अगदी लगतचा भाग १,००० अंशांच्या वर गेलेला असतो. तिथे कार्बाइड विरघळतात आणि थंड होण्याचा वेग चांगला असेल तर तो भाग बऱ्यापैकी चिवट राहतो. त्याच्या थोडे पलीकडे, जिथे तापमान ५०० ते ७०० अंशांपर्यंत जाऊन थांबले, तिथे खरे नुकसान होते. भेग बीडला समांतर आणि त्याच्यापासून काही मिलिमीटरवर का जाते, याचे उत्तर हेच आहे. शिवाय हे नुकसान साठत जाते. एका बीडने त्या पट्ट्याला दिलेले काही सेकंद आणि त्यावर चढवलेल्या पुढच्या आठ-दहा बीडनी दिलेले सेकंद यांची बेरीज होते.

त्यात धातूचा स्वभावही भर घालतो. मँगनीज स्टीलची उष्णतावहनक्षमता साध्या पोलादाच्या जेमतेम तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकी असते, म्हणून उष्णता पसरून निघून जाण्याऐवजी वेल्डच्या आसपासच साचते. प्रसरण मात्र साध्या पोलादाच्या सुमारे दीडपट होते. जागच्या जागी साचलेली उष्णता आणि दीडपट आकुंचन या दोहोंमुळे थंड होताना ओढ फार मोठी निर्माण होते, आणि प्लेट वाकते किंवा तडकते.

आणखी एक धोका फॉस्फरसचा. तो गोठणाऱ्या धातूत कणांच्या सीमांवर कमी तापमानाला वितळणारा पातळ थर करून राहतो आणि आकुंचनाची ओढ येताच तिथेच गरम भेग पडते. गंधकाचा त्रास मँगनीज स्वतःच बराचसा आवरते, फॉस्फरसचा आवरत नाही. त्यामुळे रॉड निवडताना फॉस्फरस ०.०३ टक्क्यांहून कमी आहे, याची खात्री टेस्ट सर्टिफिकेटवरून करून घ्यावी.

आधी धातू ओळखावा

भंगारातून किंवा जुन्या साठ्यातून आलेला भाग मँगनीज स्टीलचाच आहे, असे गृहीत धरू नये. लोहचुंबक हे सर्वांत सोपे साधन आहे: ऑस्टेनाइट चुंबकाला चिकटत नाही. स्टेनलेस स्टीलचे बरेच प्रकारही चिकटत नाहीत, पण स्टेनलेसला असा तांबूस गंज चढत नाही. गंजलेला आणि तरीही चुंबक न धरणारा ओतीव भाग बहुतेक वेळा मँगनीज स्टीलच असतो. चुंबक लावण्यापूर्वी थोडी जागा घासून घ्यावी, कारण ओतकामाच्या आणि उष्णोपचाराच्या वेळी वरच्या कातडीतला कार्बन व मँगनीज कमी झालेला असतो आणि ती कातडी चुंबकाला किंचित ओढ देते. शंका राहिल्यास धातूतल्या घटकांचे प्रमाण सांगणारी स्पेक्ट्रो चाचणी करून घ्यावी. ठाणे आणि नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात ती करून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत आणि तिचा खर्च एका फुटलेल्या प्लेटच्या तुलनेत किरकोळ असतो.

त्यानंतर भाग दुरुस्तीच्या लायकीचा आहे की नाही, हे ठरवावे. जॉ प्लेट बहुतेक वेळा खालच्या टोकाला जास्त झिजते आणि अनेक प्लेटा उलटवून वापरता येतात. जी प्लेट अजून उलटवलेली नाही, ती भरण्याची घाई करू नये. बोल्टच्या भोकातून निघालेली आरपार भेग, पूर्वी चुकीच्या रॉडने मोठ्या प्रमाणात केलेले वेल्डिंग किंवा जाडी निम्म्यावर आलेली प्लेट असेल, तर ती बदलणे हेच माझ्या मते शहाणपणाचे असते.

कठीण थर काढणे

या कामात सर्वाधिक टाळाटाळ याच पायरीवर होते. वापरात असलेल्या भागाचा पृष्ठभाग कठीण झालेला असतो, त्यात सूक्ष्म भेगा असतात, आणि त्याची लांबण्याची क्षमता जवळजवळ संपलेली असते. त्यावर थेट बीड टाकला तर आकुंचनाची ओढ सोसण्याची ताकद त्या थरात नसते, आणि बीडसकट त्याचा पापुद्रा उचलला जातो. म्हणून मऊ धातू लागेपर्यंत ग्राइंडरने घासावे. सामान्यतः दोन-तीन मिलिमीटर काढणे पुरते, पण मोठे दणके सोसलेल्या भागात त्याहून खोल जावे लागते.

किती खोल जायचे, याचा अंदाज सेंटर पंचने उत्तम येतो. एकच पंच, एकच हातोडा आणि शक्य तितका सारखा घाव, असे ठेवून प्लेटच्या न झिजलेल्या मागच्या बाजूवर एक खूण करावी आणि घासलेल्या जागी दुसरी. कठीण थर शिल्लक असेल तर पंच हातात उसळतो, आवाज टणक येतो आणि उमटतो तो जेमतेम टिकलीएवढा चमकदार ठिपका. मऊ धातू लागला की तोच घाव खोल जातो आणि खड्ड्याच्या भोवती धातूची बारीक कड वर येते. दोन्ही खुणा सारख्या दिसेपर्यंत घासत राहावे. एकाच ठिकाणी मात्र पंच पुन्हा पुन्हा मारू नये, कारण त्या घावांनीच ती जागा कठीण होते.

ग्राइंडरही एका जागी दाबून धरू नये. घासलेली जागा निळी-जांभळी पडली तर वेल्डिंगपूर्वीच नुकसान सुरू झाले असे समजावे. जास्त धातू काढायचा असेल तेव्हा कार्बन रॉड आणि हवेच्या झोताने गाउजिंग (धातू वितळवून उडवणे) करता येते. त्यासाठी झोत सतत पुढे सरकता ठेवावा, थोड्या थोड्या अंतराने जागा बदलावी, आणि नंतर गाउजिंगचा काळपट, कार्बन शिरलेला थर ग्राइंडरने एक-दोन मिलिमीटर काढून टाकावा. पूर्वी हार्डफेसिंग (झीज रोखण्यासाठी कडक थर चढवणे) केलेले असेल तर तेही मुळापासून काढावे, कारण कडक क्रोमियम कार्बाइडच्या थरावर मँगनीजचा थर चढवला तर तो टिकत नाही.

रॉडची निवड

झिजलेला भाग भरून काढण्यासाठी मूळ धातूशी मिळताजुळता मँगनीज रॉड लागतो, पण तंतोतंत तसाच नाही. या रॉडमध्ये कार्बन मुद्दाम कमी, साधारण ०.५ ते १ टक्का ठेवलेला असतो आणि ऑस्टेनाइट टिकून राहावा म्हणून निकेल किंवा मॉलिब्डेनम घातलेले असते. निकेलवाला प्रकार ईएफईएमएन-ए आणि मॉलिब्डेनमवाला ईएफईएमएन-बी या नावाने बाजारात मागता येतो. पाण्यात न बुडवताही हा थर हवेत थंड होऊन चिवट राहतो. तिसरा प्रकार मँगनीज-क्रोमियमचा. त्यात मँगनीजच्या बरोबरीने भरपूर क्रोमियम असते, तो भेगांना चांगला तोंड देतो आणि साध्या पोलादावरही चालतो. त्याची एक अडचण आधीच ठाऊक असावी: क्रोमियममुळे असा थर पुढे गॅस कटरने कापता येत नाही.

जोडणीसाठी, भेग भरण्यासाठी किंवा पहिल्या थरासाठी स्टेनलेसचे ३०९, ३१२ किंवा १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल व ६ टक्के मँगनीजचा ३०७ हे रॉड वापरतात. ते ओढ सोसतात, पण झिजेच्या पृष्ठभागावर उघडे ठेवू नयेत. त्यावर मँगनीजचा थर द्यावा.

साध्या पोलादासाठीचा ७०१८ किंवा ६०१३ रॉड मँगनीज स्टीलवर कधीही वापरू नये, आणि याचे कारण साध्या हिशेबाने पटते. वितळलेल्या बीडमध्ये ३० टक्के मूळ धातू मिसळला असे धरू. मूळ धातूत १२.५ टक्के मँगनीज आणि १.२ टक्के कार्बन, आणि रॉडमध्ये सुमारे १.२ टक्के मँगनीज व ०.०७ टक्के कार्बन असेल, तर बीडमध्ये मँगनीज येते सुमारे ४.६ टक्के आणि कार्बन सुमारे ०.४ टक्के. एवढे मँगनीज ऑस्टेनाइट टिकवायला पुरत नाही, आणि एवढा कार्बन कडक, ठिसूळ मार्टेन्साइट बनवायला पुरेसा आहे. असा बीड हवेत थंड होतानाच तडकतो. हीच गोष्ट उलट दिशेनेही घडते: मँगनीज रॉड थेट साध्या पोलादावर चालवला तर सांध्याच्या रेषेवर मँगनीज कमी पडलेला ठिसूळ पट्टा तयार होतो. म्हणून एमएसच्या, म्हणजे साध्या पोलादाच्या, बाजूवर आधी स्टेनलेसचा किंवा मँगनीज-क्रोमियमचा थर द्यावा आणि मगच पुढे जावे.

जून ते सप्टेंबर या काळात नवी मुंबईच्या खाडीकाठच्या हवेत उघडे पाकीट एका रात्रीत दमट होते. ऑस्टेनाइटमध्ये हायड्रोजनच्या भेगांची भीती कमी असली, तरी ओल्या रॉडने बीडमध्ये छिद्रे पडतात. पाकिटावर छापलेल्या तापमानाला, बहुधा २५० ते ३०० अंशांवर तास-दोन तास, रॉड ओव्हनमध्ये सुकवावेत.

करंट, वेग आणि उष्णतेचा हिशेब

डीसी यंत्र आणि रॉड पॉझिटिव्हला, हा सर्वसाधारण नियम आहे. पाकिटावर वेगळे लिहिले असेल तर ते पाळावे. दिलेल्या मर्यादेतला खालच्या बाजूचा करंट घ्यावा आणि आर्क आखूड ठेवावा, कारण लांब आर्कमध्ये मँगनीज जळून धुरात जाते. पण केवळ करंट कमी केल्याने काम भागत नाही. वेगाला तेवढेच महत्त्व आहे. प्रत्येक मिलिमीटरला दिलेली उष्णता काढण्यासाठी व्होल्टेज, करंट आणि ६० यांचा गुणाकार करून त्याला दर मिनिटाच्या मिलिमीटरमधील वेगाने आणि १,००० ने भागावे. २४ व्होल्ट आणि १४० अँपिअरवर मिनिटाला २०० मिलिमीटर वेगाने सरळ बीड चालवला तर प्रत्येक मिलिमीटरला सुमारे १ किलोज्यूल पडते. तोच वेल्डर त्याच करंटवर हात डावीकडे-उजवीकडे झुलवत रुंद बीड घालू लागला आणि वेग मिनिटाला ८० मिलिमीटरवर आला, तर हा आकडा अडीच किलोज्यूलवर जातो. यंत्राचे बटण जागचे हललेले नसते, तरी शेजारच्या पट्ट्याला अडीच पट उष्णता मिळालेली असते. म्हणून बीड सरळ आणि अरुंद असावा. त्याची रुंदी रॉडच्या तारेच्या व्यासाच्या दुप्पट-अडीचपटीपेक्षा जास्त होऊ देऊ नये.

अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डिंग होत असलेल्या भागावरच लावावा. क्रशरच्या फ्रेमवर लावला तर करंट बेअरिंगमधून जाऊन त्याच्या रोलर्सवर डाग पडतात.

बीड टाकण्याची पद्धत

पूर्वतापन करू नये. आपल्याकडची हिवाळ्यातली पहाटही त्यासाठी पुरेशी उबदार असते. पावसाळ्यात प्लेट ओली असेल तर ती गरम हवेने किंवा फिरत्या सौम्य ज्वालेने फक्त कोरडी होईपर्यंत शेकावी, हाताला कोमट लागण्यापलीकडे नाही.

नियम असा: वेल्डच्या कडेपासून १२ मिलिमीटरवर तापमान २६० अंशांच्या वर कधीही जाऊ नये, आणि त्याच जागी पुढचा बीड टाकण्यापूर्वी ते १५० अंशांच्या खाली आलेले असावे. यासाठी १५० आणि २६० अंशांचे असे दोन टेम्परेचर चॉक (ठरलेल्या तापमानाला वितळणारे खडू) जवळ ठेवावेत. हात लावून किंवा थुंकी टाकून अंदाज घेण्याची सवय जुनी असली तरी सोडावी, कारण ३०० अंश आणि २०० अंश यांतला फरक त्यातून कळत नाही, आणि सारे काम त्याच फरकावर अवलंबून असते.

बीड ५० ते ७५ मिलिमीटरचाच टाकावा, मग थांबावे. बीड लाल उष्णतेतून बाहेर येत असतानाच गोल डोक्याच्या हातोडीने किंवा हवेवर चालणाऱ्या पीनिंगच्या टोकाने त्याच्यावर सारखे, झटपट घाव घालावेत. या घावांनी बीडचा धातू पसरतो आणि आकुंचनाची ओढ तिथल्या तिथे कमी होते. घाव जोरापेक्षा संख्येने जास्त हवेत, आणि सगळ्या बीडवर हातोडीच्या खुणा एकमेकींना भिडलेल्या दिसायला हव्यात. स्लॅग काढणे वेगळे आणि पीनिंग वेगळे. चिपिंग हॅमरच्या टोकदार बाजूने पीनिंग करू नये, त्याने खाचा पडतात आणि तिथेच भेग सुरू होते.

दुसरा बीड पहिल्याच्या शेजारी टाकू नये. दातेरी जॉ प्लेटवर पहिला बीड पहिल्या दातावर, दुसरा चौथ्या-पाचव्या दातावर, तिसरा दुसऱ्या टोकाला, अशी जागा बदलत राहावी. परत पहिल्या दाताकडे येईपर्यंत तो थंड झालेला असतो. मला सर्वांत परिणामकारक वाटणारी युक्ती म्हणजे दोन प्लेटा एकाच वेळी कामाला घेणे: एकीवर बीड टाकून झाला की दुसरीकडे वळावे, म्हणजे वाट पाहण्यात वेळ जात नाही आणि घाईपोटी नियम मोडण्याचा मोहही होत नाही. ठेकेदारीच्या कामात वेल्डरला किलोवर पैसे मिळत असतील, तर थांबण्याचा वेळ हिशेबात धरणे ही सुपरवायझरची जबाबदारी आहे. जो थांबतो त्याचे नुकसान होईल अशी व्यवस्था ठेवून चांगल्या कामाची अपेक्षा करता येत नाही.

प्लेट वाकू नये म्हणून दोन प्लेटा पाठीला पाठ लावून बोल्टने आवळाव्यात आणि दोन्ही बाजूंनी आळीपाळीने भरावे. काम झाल्यावर पाठीवर सरळ पट्टी लावून पाहावी. पाठ आणि फ्रेम यांच्यात फट राहिली तर प्रत्येक दणक्याला प्लेट लवते, आणि उत्तम भरलेली प्लेटही फुटते.

भाग लहान असेल तर तो पाण्याच्या टाकीत ठेवून, फक्त वेल्डिंगची जागा पाण्याच्या वर राहील अशी व्यवस्था करता येते. बीडच्या शेजारी ओली फडकी ठेवणेही चालते, आणि बीड गोठल्यावर पाणी मारले तरी या धातूचे बिघडत नाही, फायदाच होतो. मात्र पुढचा बीड टाकण्यापूर्वी ती जागा कोरडी हवी. पाणी आणि वीज एकत्र येत असल्याने वेल्डरने कोरड्या लाकडी फळीवर उभे राहावे, हातमोजे आणि बूट कोरडे असावेत, केबल व होल्डरचे इन्सुलेशन आधी तपासावे, आणि यंत्रात रिकाम्या वेळचे व्होल्टेज उतरवण्याची सोय असेल तर ती चालू ठेवावी.

भेग भरताना

डाय पेनिट्रंट (भेगेत शिरून ती दाखवणारा रंगीत द्रव) मारून भेगेची दोन्ही टोके शोधावीत. साध्या पोलादात टोकाला भोक पाडून भेग थांबवतात. मँगनीज स्टीलमध्ये ड्रिल फिरताच भोकाची भिंत कठीण होते आणि ड्रिलचे टोक बसते, म्हणून त्या नादी लागू नये. त्याऐवजी टोकाच्या पुढे वीस-पंचवीस मिलिमीटरपर्यंत गाउजिंग करावे, तळाशी गोलाई ठेवावी, घासून घ्यावे आणि भेग पूर्ण गेली की नाही हे पुन्हा पेनिट्रंटने पाहावे. दोन्ही भिंतींवर आधी स्टेनलेसचा थर द्यावा, मग मधला भाग आखूड बीडनी आळीपाळीने भरावा आणि वरचे शेवटचे थर मँगनीज रॉडचे घ्यावेत.

धूर

या रॉडच्या धुरात मँगनीजचे प्रमाण साध्या रॉडपेक्षा बरेच जास्त असते. ते दीर्घकाळ श्वासातून जात राहिल्यास मेंदूवर परिणाम होतो: चाल बिघडते, हात कापतात, चेहरा निर्विकार होतो, आणि लक्षणे कंपवातासारखी दिसतात. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत मँगनीजच्या विषबाधेची सरकारला कळवण्याजोगा आजार म्हणून नोंद होती. अमेरिकेतील एसीजीआयएच या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ मध्ये श्वासातून फुप्फुसात खोल जाणाऱ्या कणांसाठी मर्यादा घनमीटरला ०.०२ मिलिग्रॅमवर आणली. तोंडावर रुमाल बांधल्याने यातले काहीही अडत नाही. धूर तोंडापर्यंत येण्याआधीच ओढून घेणारा पंखा बीडच्या जवळ असावा, आणि वेल्डरला धुराच्या सूक्ष्म कणांसाठी बनवलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क द्यावा. क्रशरच्या आत शिरून काम करायचे असेल तर खेळती हवा आणि बाहेर एक माणूस, या दोन्ही गोष्टी असल्याशिवाय कामाला परवानगी देऊ नये.

तपासणी आणि पहिल्या पाळ्या

धातू चुंबकीय नसल्याने मॅग्नेटिक पार्टिकल चाचणी इथे निरुपयोगी ठरते, आणि मोठ्या कणांमुळे अल्ट्रासॉनिकच्या लहरी विखुरतात. म्हणून डाय पेनिट्रंट आणि नीट पाहणे यांवरच भर द्यावा. भाग पूर्ण थंड झाल्यावर बीडच्या दोन्ही बाजूंचा दहा-पंधरा मिलिमीटरचा पट्टा विशेष काळजीने तपासावा आणि तिथे चुंबकही फिरवावा. घासलेल्या, स्वच्छ पट्ट्यावर चुंबक ओढ दाखवू लागला तर रचना बदलली आहे हे नक्की. मात्र ओढ दाखवली नाही म्हणून कार्बाइड नाहीत, असा निष्कर्ष काढता येत नाही.

फाजील तापलेल्या भागाला जागेवर उपाय नसतो. गॅसच्या ज्वालेने लाल करून पाणी मारण्याचा प्रकार कुठे कुठे केला जातो. त्याने मधला भाग सुधारला तरी त्याच्या भोवती ५०० ते ७०० अंशांचे नवे कडे तयार होते. संपूर्ण भाग भट्टीत सावकाश १,०५० अंशांच्या आसपास नेऊन, जाडीनुसार तिथे ठेवून, ढवळत्या पाण्यात बुडवणे हा एकच मार्ग उरतो, आणि तो ज्या फाउंड्रीकडे अशी भट्टी व टाकी आहे तिथेच करता येतो.

नव्याने भरलेला थर २०० ब्रिनेलच्या आसपास मऊच असतो, आणि त्याला कठीण करण्याचे काम दगडच करतो. त्यामुळे सुरुवातीला झीज थोडी जास्त दिसते आणि मऊ धातू दाबाखाली कडेला सरकून प्लेटच्या काठावर ओठ येतात. पहिल्या काही पाळ्यांनंतर क्रशर थांबवून हे ओठ ग्राइंडरने सपाट करावेत, कारण ते शेजारच्या प्लेटवर दाबले गेले की काठाचा तुकडा निघतो. त्याच वेळी पाठीमागचे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.